गोळी नर्सबाईच्या हातात

माझा भाचा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. मध्यंतरी बेळगावातल्या एका हॉटेलात त्यांची दिवसभराची कार्यशाळा झाली, विषय काय तर डॉक्टरांनी समाजात बदल घडवणारा नेता कसं व्हायचं. येताना फाईल, पेन आणि सर्टिफिकेट घेऊन आला. "मावशी, तू एवढे डॉक्टर बघितलीस, त्यात नेता कोण होता सांग की," म्हणाला, अर्धं चेष्टेत. खानापूर तालुक्यात सब-सेंटरवर, म्हणजे गावच्या आरोग्य उपकेंद्रात, एएनएम (गावातली बाळंतपणं आणि लसी बघणारी नर्स) म्हणून माझी सगळी नोकरी गेली. उत्तर तयार होतं, पण त्याला मॅच बघायची होती. म्हणून इथं लिहिते.

जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको. ओढ्याला पाणी चढलं की गाव तुटलं. पोटात कळा सुरू झालेली बाई त्या पाण्यातून दवाखान्यात कशी न्यायची? बाळंतपण घरातच व्हायचं. बाळ रडलं की घरचे खूश. आमचा जीव मात्र वार पडून गर्भपिशवी घट्ट होईपर्यंत टांगलेला. ती आकसली नाही तर अंगावरून जायला लागतं आणि धडधाकट बाई बघता बघता पांढरी पडते. त्यावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन असतं, पण ते 2 ते 8 अंशांत ठेवायचं. आमच्याकडं दोन-दोन दिवस लाईट नसायची.

हा प्रश्न बेळगावातल्याच डॉक्टरांनी हातात घेतला. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातले डॉ. कोडकणी, डॉ. गौडर आणि अमेरिकेतले डॉ. रिचर्ड डर्मन. मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी आहे, तिला ना फ्रिज लागतो ना सुई. ती गावातल्या एएनएमनं बाळंतिणीला दिली तर रक्तस्राव कमी होईल काय, हे त्यांनी 2002 ते 2005 या काळात आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत तपासलं. 1620 बायका. निम्म्यांना 600 मायक्रोग्रॅम औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. 2006 साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी संशोधनाच्या मासिकात छापून आलं: ज्यांना औषध नव्हतं त्यांच्यात रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्के, ज्यांना होतं त्यांच्यात 6.4. म्हणजे 18 बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळला. पुढं 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

निम्म्या बायकांना औषध नसलेली नुसती गोळी दिली हे कळल्यावर मला आधी रागच आला होता. पण खरं सांगायचं तर घरातल्या बाळंतपणात तेव्हा कुणालाच काही मिळत नव्हतं, आणि आकडा हातात नसता तर सरकारनं ऐकलं नसतं. राग तरीही पूर्ण गेलेला नाही, हेही लिहून ठेवते.

मला यात मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. गोळी दिली कुणी? डॉक्टरांनी नाही. 25 एएनएमनी. ज्या काळात एका मोठ्या डॉक्टरांनी मला चारचौघांत सुनावलं होतं, "बाई, तुम्ही वजन करा, लस टोचा, औषधाचं आम्ही बघू," त्याच काळात याच जिल्ह्यात दुसरे डॉक्टर म्हणत होते की औषध हिच्या पेटीत पाहिजे, कारण त्या वेळी तिथं हीच असते. आपल्या हातातलं काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि ते नीट होतंय काय हे मोजायचं, याला छाती लागते. मोजल्याशिवाय नुसतं देणं म्हणजे अंग काढून घेणं. तसलेही डॉक्टर पुष्कळ बघितले.

मोजण्यावरून आठवलं. रक्त किती गेलं हे आम्ही कशावरून सांगायचो? भिजलेल्या फडक्यांवरून, जमिनीवरच्या ओलीवरून. बेळगावच्याच अभ्यासात त्यांनी एक प्लॅस्टिकची चादर वापरली. वरच्या बाजूला दोन बंद, ते बाईच्या पोटावर सैल बांधायचे. चादर कमरेखाली, आणि खाली नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी, तिच्यावर मापाच्या रेघा. बाळाच्या अंगाभोवतीचं पाणी आधी जाऊ द्यायचं आणि मग चादर सरकवायची, नाहीतर माप फसतं. रक्त पिशवीत उतरतं, रेघ वाचायची, संपलं. जिल्हा रुग्णालयात 123 बाळंतिणींवर त्यांनी पडताळलं, तर नजरेचा अंदाज पिशवीच्या मापापेक्षा 33 टक्के कमी निघाला. आणि हा अंदाज काही अडाण्यांचा नव्हे, रोज बाळंतपणं करणाऱ्यांचा.

2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या 80 दवाखान्यांत अशीच रेघांची पिशवी आणि तिच्या जोडीला एका दमात करायचे उपचार, असं करून बघितलं. जास्त रक्त जाणं, ऑपरेशन किंवा मृत्यू असे गंभीर प्रकार 60 टक्क्यांनी कमी झाले. आपल्या बेळगावात वीस वर्षांपूर्वी मापाची पिशवी बांधली जात होती, हे त्या बातमीखाली कुणी लिहिलं नाही. असो.

मोठ्या संशोधनाशी काही संबंध नसलेला एक डॉक्टरही सांगते. आमच्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, रायचूरकडचा एक तरुण वैद्यकीय अधिकारी आला. मराठीचा गंध नाही. त्यानं आल्या-आल्या बाहेरच्या बाकावर बसून आशाताईंकडून प्रश्न लिहून घेतले, कन्नड अक्षरांत: कुठं दुखतंय, कधीपासून, अंगावरून जातंय काय. उच्चार ऐकून म्हाताऱ्या हसायच्या, पण हसता-हसता बोलायच्या. एका गावात बाळंतीण गेली तेव्हा मीटिंगमध्ये त्यानं आधी खुर्ची त्या गावच्या नर्सला दिली आणि म्हणाला, तुम्ही सांगा, आम्ही ऐकतो. दोष कुणाचा हे विचारलंच नाही. गाडी किती वाजता बोलावली, किती वाजता आली, रस्त्यात कुठं थांबली, एवढंच. त्या दिवसापासून आमच्या रजिस्टरमध्ये वेळा खऱ्या लिहिल्या जाऊ लागल्या. आधी कशा लिहिल्या जायच्या, हे खात्यातल्या माणसांना विचारू नका.

दोन-अडीच वर्षांत त्याची बदली झाली. पुढच्या साहेबांनी पहिल्या मीटिंगला आमच्या खुर्च्या परत भिंतीला लावल्या.

भाच्याला मी 'लॅन्सेट'मधला तो लेख मोबाईलवर काढून दाखवायला सांगितला. त्यानं इंग्रजी भराभर वाचून दाखवलं. लेखकांची यादी आली तेव्हा मी थांबवलं आणि सगळी नावं म्हणायला लावली. त्या 25 जणींमधलं एकही नाव त्यात नाही. "तशी पद्धत नसते मावशी," म्हणाला. मला माहीत आहे, नसते. तू नाव घालशील तेव्हा सांग म्हटलं.