आमची वाटचाल: जुन्या बोटीत नवं इंजिन

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ आमचं वर्कशॉप सुरू झालं ते दुरुस्तीच्या कामांवर. नोझल (डिझेल फवारणारा भाग) तपासणं, डिझेल पंप सेट करणं, हेड ग्राइंडिंग, पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) बदलणं, गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटा. अख्खं इंजिन बदलायचं काम क्वचित यायचं. लाकडी बोटी जुन्या होत गेल्या, त्यांच्यातली लेलँडची सहा सिलिंडरची इंजिनं दोन-दोनदा बोअर करून झाली, क्रँकशाफ्ट आणखी घासून बारीक करायला जागा उरली नाही, तेव्हा मालक नव्या इंजिनाकडे वळू लागले आणि आमचं कामही तिकडे सरकलं. आता जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आमच्याकडे मुख्यतः हेच काम चालतं.

इतक्या बोटींमध्ये उतरून आमचं एक मत पक्कं झालं आहे. इंजिन ज्या कारणाने गेलं ते कारण बहुतेक वेळा बोटीतच मागे राहतं: चोक झालेली पाण्याची लाइन, सडलेला बेड (इंजिन ज्यावर बसतं त्या तुळया), पंखा फिरवणारा वाकडा शाफ्ट, टाकीतला गाळ. त्यावर नवं कोरं इंजिन ठेवलं तर तेच कारण त्यालाही खातं. म्हणून आम्ही कोटेशन देताना नुसत्या इंजिनाचं देत नाही. बेडपासून पंख्यापर्यंत आणि टाकीपासून धुराड्यापर्यंत सगळं पाहूनच देतो.

सुरुवात जुनं इंजिन उघडण्यापासून. भंगारवाला दारात उभा असतो आणि मालकाला घाई असते, तरी अर्धा दिवस द्यावाच. एकाच सिलिंडरचा पिस्टन चिकटला असेल तर संशय त्याच्या नोझलवर. टपकणारं नोझल लायनरवरचं ऑइल धुऊन काढतं आणि पिस्टन कोरडा चालतो. सगळेच लायनर ओरबाडलेले असतील तर दोष कूलिंगचा किंवा ऑइलचा. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं झालं असेल तर पाणी कुठून आलं ते शोधायचं. हेडर टँकचं (इंजिनात फिरणारं गोडं पाणी भरायच्या टाकीचं) पाणी कमी होत होतं का, हे तांडेलाला म्हणजे बोट चालवणाऱ्याला विचारा. होत असेल तर हेड गॅस्केट किंवा लायनरच्या खालच्या ओ-रिंगा गेल्या. टँक भरलेलाच राहत असेल आणि ऑइल कूलर खाऱ्या पाण्यावर चालणारा असेल, तर कूलरची नळी फुटली. शेवटच्या एक-दोन सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गंजलेले आणि सीटवर मिठाचा थर दिसला, तर समुद्राचं पाणी धुराड्याच्या पाइपातून उलटं आत आलं आहे. लायनरच्या बाहेरच्या अंगाला एकाच बाजूने बारीक खड्डे पडले असतील तर कूलंट न घालता साधं पाणी वापरलं गेलं. या प्रत्येक उत्तराचा नव्या बसवणीत एक उपाय असतो, आणि तो आधी कळला तर स्वस्तात होतो.

पुढचा प्रश्न कोणतं इंजिन घ्यायचं. ट्रकचं सेकंडहँड इंजिन आणून बसवायची पद्धत किनाऱ्यावर सगळीकडे आहे. त्यात खरी अडचण कूलिंगची. ट्रकवर इंजिनाला पूर्ण लोड थोडा वेळच असतो. जाळं ओढणाऱ्या बोटीवर तो तासन्‌तास असतो, आणि समोरून वाराही लागत नाही. मरीन इंजिनाला पाण्याने थंड होणारं मॅनिफोल्ड (धूर गोळा करणारा पाइप), खाऱ्या पाण्याने इंजिनातलं पाणी थंड करणारा हीट एक्स्चेंजर आणि खाऱ्या पाण्याचा वेगळा पंप असतो, आणि जास्तीचे पैसे त्याचेच आहेत. जुन्या लाकडी बोटीला आम्ही शक्यतो मेकॅनिकल पंपाचं इंजिन सुचवतो. कॉमन रेलचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल फवारणारं इंजिन डिझेल वाचवतं, पण पाणी मिसळलेलं डिझेल त्याला अजिबात चालत नाही आणि त्याचा बिघाड समुद्रात खलाशाच्या हाताने निघत नाही.

अश्वशक्तीपेक्षा जास्त घोटाळा होतो तो रिडक्शनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाचा वेग पंख्यासाठी किती पट कमी करतो त्यात. जुनं इंजिन २२०० आरपीएमचं आणि गिअरबॉक्स ३:१ असेल तर पंखा सुमारे ७३० आरपीएमने फिरतो. नव्या इंजिनाबरोबर २:१ चा गिअरबॉक्स आला तर तोच पंखा ११०० ने फिरवायला लागेल. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वेग दीडपट म्हणजे ताकद जवळजवळ ३.४ पट. एवढी ताकद इंजिनात नसते. मग ते १४००-१५०० वर अडकतं, काळा धूर सोडतं आणि वर्षभरात व्हॉल्व्ह जाळतं. दोष मात्र इंजिनाला लागतो. गिअरबॉक्सचं रिडक्शन जुळवा, नाहीतर पंखा बदला. तिसरा रस्ता नाही. पंख्याची दिशाही आधीच तपासा. दिशा उलटी निघाली की काहीजण बोट रिव्हर्सच्या क्लचवर पुढे चालवतात, आणि तेवढ्या कामासाठी न बनलेला तो क्लच लवकर जळतो.

जुनं इंजिन निघालं की बेड उघडा पडतो, आणि खरी तपासणी तेव्हाच होते. वरून डिझेल-ऑइल पिऊन काळं झालेलं लाकूड दिसायला टणक दिसतं. बोल्टच्या भोकाशेजारी ६ मिलिमीटरचा ड्रिल मारून भुसा हातात घ्या. कोरडा आणि लाकडाच्या मूळ रंगाचा भुसा आला तर बेड राहू द्या. काळा, ओला, बोटांत चुरगळणारा आला तर तेवढा भाग कापून नवा सागवान जोडायलाच हवा. नुसती जुनी भोकं खुंट्या मारून बुजवली तर काही फेऱ्यांत बोल्ट सैल होतात. बेडवर आम्ही १० ते १२ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी बसवतो, म्हणजे इंजिनाचा भार एका बोल्टाखाली न पडता लांबीभर पसरतो. फायबरच्या बोटीत बोल्ट आवळताना आतला गाभा चेपतो, तिथे आत पाइपचे तुकडे घालावे लागतात.

गिअरबॉक्ससकट इंजिन टनाच्या आसपास भरतं. ते काढा-घालायला केबिनचं छप्पर आधी मोकळं करून ठेवायचं आणि दिवस पंचांग बघून धरायचा. उधाणाला जेटीजवळ पाणी भराभर चढतं-उतरतं आणि क्रेनला लटकलेलं इंजिन खाली असताना बोट वर येते. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, भरती थांबते त्या सुमाराला काम करा. बोट ओढून किनाऱ्यावर घ्यायची असेल तर मात्र उधाणच लागतं. क्रेन नसेल तिथे साग-निलगिरीच्या वाशांचा घोडा आणि ३ टनी चेनकप्पी पुरते, पण घोड्याचे पाय डेकवर न टेकवता खालच्या आडव्या तुळईवर टेकवावेत.

कूलिंगवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो. बोटीच्या तळाशी पाणी घेणारं तोंड कालवं-शिंपल्यांनी अर्धं बंद झालेलं असतं आणि मालक इंजिन गरम होतंय म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतो. थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन थंड चालतं, लायनर जास्त झिजतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं. तोंड, गाळणी, होज, पंप असा क्रम धरून सगळी लाइन काढून साफ करा. आतून सुटलेला होज बाहेरून चांगलाच दिसतो. सक्शनच्या वेळी त्याचा आतला पापुद्रा आडवा येतो आणि पाणी थांबतं. पंपातल्या रबरी इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या चक्राची) पाती तुटलेली निघाली तर तुकडे मोजून पाती पुरी करा. जो तुकडा मिळाला नाही तो हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी बसलेला असतो. एक्स्चेंजरऐवजी स्वतः झिजणाऱ्या झिंकच्या पेन्सिली अर्ध्या झिजल्या की बदलायच्या, आणि त्यांना रंग लावायचा नाही. रंग लावलेला झिंक झिजत नाही आणि त्याच्या जागी एक्स्चेंजर झिजतो. सगळं जोडल्यावर ठरावीक आरपीएमला बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते केबिनमध्ये खडूने लिहून ठेवतो. पुढे तीच बादली भरायला जास्त वेळ लागू लागला की, तापमानाचा काटा वर चढण्याआधीच तांडेलाला कळतं.

धुराड्याच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या वर चांगला दीड फूट तरी उंच वळसा द्या. डिझेलची टाकी उघडून आतला गाळ हाताने काढा, पाणी वेगळं करणारा काचेच्या वाटीचा फिल्टर लावा आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप काढून टाका. त्याचा झिंक डिझेलमध्ये उतरून नोझलमध्ये बसतो.

अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं, जमिनीवर करून उपयोग नाही. लाकडी बोट पाण्यात उतरली की फुगते, तिचा आकार बदलतो. किनाऱ्यावर ढोबळ जुळवून घ्या, बोट पाण्यात दोन दिवस राहू द्या, टाकी अर्धी भरा आणि मग शेवटचं माप काढा. गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट काढून त्याच्या दोन फ्लँजच्या (चकत्यांच्या) फटीत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा. १५० मिलिमीटरच्या फ्लँजला चारही मापांतला फरक ०.१५ मिलिमीटरच्या आत हवा, आम्ही ०.१० च्या खाली आणल्याशिवाय सोडत नाही. मग शाफ्ट अर्धा फिरवून परत मोजा. फरक शाफ्टबरोबर फिरला तर इंजिन हलवून काही होणार नाही, फ्लँज किंवा शाफ्टच वाकडा आहे. इंजिनाच्या पायाखाली स्टीलच्या पातळ पट्ट्या घाला. लाकडी पाचर दबते आणि पहिल्याच खवळलेल्या समुद्रात सगळी मेहनत जाते. अलाइनमेंट चुकली की आधी ग्लँड (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथली पाणी अडवणारी जागा) गरम होतो, मग गिअरबॉक्सची मागची सील गळते, आणि मालक सीलमागून सील बदलत बसतो. ग्लँडमध्ये नवी दोरी भरताना तुकड्यांचे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका, आणि चालत्या शाफ्टला मिनिटाला चार-पाच थेंब पाणी गळू द्या. कोरडा ग्लँड शाफ्टला खाच पाडतो.

स्टार्ट करण्याआधी डिझेल बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत इंजिन थोडं थोडं फिरवतो. इंजिन तिरकं बसलेलं असतं, त्यामुळे ऑइल दांडीवरच्या कंपनीच्या खुणा चुकतात. मापाने लिटर भरून दांडीवर नवी खूण करा. ट्रायलला मोकळ्या बोटीत इंजिनाने पूर्ण आरपीएम गाठायलाच हवेत. नंतर जाळं टाकून धुराचा रंग पाहायचा. पहिल्या फेरीनंतर अलाइनमेंट पुन्हा तपासतो, ५० तासांना ऑइल आणि फिल्टर बदलतो. ही दोन्ही कामं आमच्या दरातच धरलेली आहेत.

इंजिन बदललं की मत्स्यव्यवसाय खात्याच्या नोंदणीत आणि विम्यात नवा इंजिन नंबर चढवून घ्या, नाहीतर मच्छीमार सोसायटीत डिझेल परताव्याचे कागद अडकतात. चौकशीसाठी याल तेव्हा जुन्या इंजिनाची आणि गिअरबॉक्सची पाटी, शाफ्टचा व्यास, पंख्यावर कोरलेले दोन आकडे (व्यास आणि पिच) आणि बेडच्या दोन तुळयांमधलं अंतर एवढं लिहून आणा. बंदीतल्या कामांची नोंद आम्ही एप्रिलपासून घेतो, कारण बेडचं लाकूड वाळायला तेवढे दिवस लागतात.