हरिपूरचा संगम, छोटी नाव आणि रबरी मासळी

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी पहाटे साडेपाचला मित्राबरोबर गळ टाकायला सांगलीजवळच्या हरिपूरच्या घाटाच्या पायऱ्या उतरत होतो, तेव्हा हवेत शिजलेल्या हळदीचा वास होता. हंगामच तो. कुणाच्या तरी रानात रात्रभर हळद शिजत असणार. मागं संगमेश्वराचं देऊळ, खाली कृष्णा, आणि समोरून येऊन तिला मिळणारी वारणा. पाण्यावर धुक्याची पातळ साय धरलेली. नाववाले मामा आधीच येऊन डब्यानं नावेतलं पाणी उपसत बसले होते.

"किती जण?"

"दोघं, मामा. आणि तुम्ही."

"मग बसतंय. तिसरा असता तर सोडली नसती."

हे ऐकून मला बरं वाटलं. नाव फायबरची, बारा फुटी, दोन वल्ह्यांची. तिच्यात चौथा माणूस बसतो, पण बसवू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरात ब्रह्मनाळला नाव उलटली, ती आठवण सांगलीच्या आसपास कुणाच्याच मनातून गेलेली नाही. लाइफ जॅकेट आम्ही आमची घेऊन गेलो होतो, मामांसाठीसुद्धा एक जादा. त्यांनी आधी नको म्हटलं, मग घातलं. तुम्ही जाणार असाल तर ही पहिली खरेदी करा, रॉड-रीळ नंतर.

आमच्याकडं आमिष म्हणून गांडूळ, कणीक, पेंड यातलं काही नव्हतं. होते ते सॉफ्ट प्लास्टिकचे ल्यूर: बोटाएवढी मऊ रबरी मासळी, शेपटीला वल्ह्यासारखा चपटा तुकडा, आणि तोंडाकडून घुसवलेला शिशाच्या डोक्याचा गळ. या डोक्याच्या गळाला जिगहेड म्हणतात. ओढलं की शेपटी थरथरते, सोडलं की डोकं आधी खाली जातं. सगळी करामत त्या खाली जाण्यात आहे, हे मी पुढं सांगतो.

हे तंत्र मी शिकलो चिपळूणच्या खाली, गोवळकोटच्या बाजूला, वाशिष्ठीच्या खाडीत. तिथं मनात असतात ते जिताडा आणि तांबोशी. खाडीत सगळा हिशोब भरती-ओहोटीचा. ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांतून आणि बारक्या चरांच्या तोंडातून पाणी उतरतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर पडते, आणि मोठा मासा नेमका त्या तोंडाशी दबा धरून असतो. सहा-साडेसहा तासांनी पाणी फिरतं, तशी आपणही जागा बदलायची. कृष्णेला भरती नाही. खाली म्हैसाळच्या बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी तुंबून राहतं आणि सांगलीजवळची नदी पावसाळा सोडला तर बराच काळ तळ्यासारखी पडून असते. खाडीतलं तंत्र तसंच्या तसं इथं आणलं तर दिवस कोरडा जातो. माझे दोन हंगाम असेच गेले. भरती नसली तरी चालतं पाणी कुठं ना कुठं असतंच, ते शोधायचं असतं, हे उशिरा ध्यानात आलं. संगमावर ते मिळतं.

जाता जाता एक सांगतो, कारण मला ही गोष्ट फार जवळची वाटते. कोयनेच्या शिवसागर जलाशयातलं काही पाणी बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, पोफळीला वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. बाकीचं नदीनं पाटणवरून कऱ्हाडला येतं, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि सांगलीत आपल्या घाटाला लागतं. म्हणजे मी ज्या दोन पाण्यांत गळ टाकत आलो, त्या दोन्हींत कोयना आहे.

उजाडायच्या आधीच आम्ही वारणेच्या तोंडाशी पोचलो. तिथं दोन पाण्यांच्या मधली रेघ उघड्या डोळ्यांनी दिसते. फेस, पालापाचोळा, जलपर्णीचे तुटके गड्डे त्या रेघेवरून एकामागं एक जात असतात. रेघेच्या एका अंगाला पाणी चालतं, दुसऱ्या अंगाला थांबलेलं. मामा तिला धारेची कड म्हणतात. नाव कधीही चालत्या पाण्यात लावू नका. थांबलेल्या बाजूला, कडेपासून पंधरा-वीस फुटांवर दोरीचा दगड सोडा. चालत्या पाण्यात वरच्या अंगाला ल्यूर फेका आणि पाण्यालाच तो वाहून कडेवर आणू द्या. मासा थांबलेल्या पाण्यात उभा राहून चालत्या पाण्यातून येणारं खाणं टिपतो. त्याला पोहायचे कष्ट नको असतात. खाडीतल्या चराच्या तोंडाशी हेच चालतं.

पहिला पाऊण तास काही लागलं नाही. खरं तर लागत होतं, पण चिलापी. टुकटुक शेपटी कुरतडायची, गळ तोंडात मावायचा नाही. तीन शेपट्या गेल्या. मी दहा ग्रॅमचं डोकं लावलं होतं. फेकल्यावर चार अंक मोजेपर्यंत तळ लागत होता. जड डोक्यानं लांब फेक जाते म्हणून ते लावायचा मोह होतो, पण इतक्या भरभर बुडणाऱ्या मासळीकडं इथला मोठा मासा बघत नाही, असा माझा अनुभव आहे. पाच ग्रॅमचं लावलं. आता तळ आठ अंकांवर लागू लागला.

मोजणं सोडू नका. प्रत्येक फेकीला, ल्यूर पाण्यात पडल्या क्षणापासून, मनात एका लयीत मोजा. आठावर तळ लागतो हे कळलं की सहावर दोरी अचानक ढिली पडली तर तो तळ नव्हे, मासा आहे. झटका येईलच असं नाही. बहुतेक वेळा दोरी फक्त थबकते, किंवा बोटभर बाजूला सरकते. त्यासाठी दोरी जरा उजळ रंगाची घ्या आणि डोळे रॉडच्या टोकावर नको, दोरी पाण्यात शिरते तिथं ठेवा. तळ लागला की टोक हातभर वर उचलायचं, पुन्हा खाली सोडायचं, आणि दोरी ना ताठ ना सैल अशी ठेवत उतरू द्यायचं. दहातले आठ मासे उतरताना घेतात.

माझाही सहावरच थांबला. रॉड उचलला तर तळ हलला आणि चालायला लागला. शिवडा होता. खवले नाहीत, चपटं अंग, फाटलेलं रुंद तोंड आणि दोन लांब मिशा. हा मासा झुंजतो कमी, पण वजन घालून धारेत आडवा उभा राहतो. मित्रानं लांब दांड्याच्या जाळीत घेतला. दोन किलोच्या आसपास असावा. जगभरच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत हा मासा आहे, आणि आपल्या नदीत तो अजून मिळतो याचं मला मोल वाटतं. जाळीतच गळ काढून सोडला. त्याच्या बारीक दातांनी गळाजवळची तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, खरखरीत झाली होती. प्रत्येक माशानंतर तिच्यावरून बोट फिरवा, खरखर लागली तर तेवढी हातभर कापून नवी गाठ मारा. इथं आळस केला की पुढचा मासा गळासकट जातो.

सूर्य देवळाच्या मागून वर आला आणि ऊन समोरच्या काठावर पडलं. मामांनी वल्हं थांबवलं.

"ती बघा सुसर. मघाशी नव्हती."

मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानाच्या उतारावर, पाण्यापासून दोन हातांवर, राखाडी रंगाचं लांब अंग पडलं होतं. आठ फूट तरी असेल. सुसर म्हणजे इकडं मगरच. सांगलीची कृष्णा ही मगरींची नदी आहे आणि थंडीत सकाळच्या उन्हाला त्या काठावर येतात. आम्ही शंभर फुटांवर होतो. दगड ओढला आणि जागा सोडली. फोटोसाठी जवळ नेऊ का, असं मामांनी विचारलं नाही, आम्हीही म्हटलं नाही. मगरींविषयी माझ्या मनात राग नाही, त्यांचं घर आहे ते. पण नियम पक्के पाळा. हात-पाय पाण्यात सोडायचे नाहीत. गळ अडकला म्हणून पाण्यात उतरायचं नाही, दोरी तोडायची. मासा नावेच्या कडेला धडपडत ठेवायचा नाही, त्या आवाजानं आणखी कुणी येऊ शकतं. घाटावर मासा साफ करून आतडी पाण्यात टाकायची नाहीत, कारण तिथंच बायाबापड्या धुणं धुतात. आणि तिन्हीसांजेच्या आधी काठाला लागायचं. मगर रात्री जास्त हालचाल करते.

उरलेली सकाळ आम्ही हरिपूरच्याच काठानं, अंकलीच्या दिशेनं, जलपर्णीच्या कडेकडेनं काढली. हे मरळीचं पाणी. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते, तेव्हा हिरव्यातून 'पुक' असा आवाज येतो आणि दोन-चार बुडबुडे फुटतात. तो आवाज ऐकायला नावेत गप्प बसावं लागतं. डबा आपटला, पाय घासला की संपलं. इथं उघडा जिगहेड चालत नाही, पहिल्याच फेकीला पानात अडकतो. वाकड्या मानेचा मोठा गळ घ्या आणि त्याचं टोक रबराच्या पाठीतच लपवा, किंवा सरळ रबरी बेडूक वापरा. पानांवर टाका, दोन उड्या मारत मोकळ्या पाण्याच्या खळग्यात आणा आणि तिथं थांबवा. थांबल्यावरच खेळ होतो.

पहिली मरळ मी घालवली. पाणी उसळलं आणि मी लगेच झटका दिला. बेडूक तिच्या तोंडातून निसटून नावेत आला. उसळी दिसली की एक श्वास थांबायचं, दोरी ओढली जातेय असं हाताला कळल्यावरच मारायचं. दुसरी मित्रानं असं थांबून घेतली, सव्वा किलोची, काळीशार, तुकतुकीत. ती त्यानं घरी नेली, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. पण पावसाळ्यात मरळीला हात लावू नका. तेव्हा नर-मादी पिलांच्या तांबूस घोळक्यावर राखण करत असतात आणि घोळक्यात काहीही टाकलं तरी त्याच्यावर तुटून पडतात. ते धरणं सोपं असतं, पण मागची शेकडो पिलं चिलापीच्या पोटात जातात.

सामानाचं थोडक्यात. सात फुटी स्पिनिंग रॉड, पाच ते वीस ग्रॅम फेकणारा. २५०० आकाराचं रीळ. पंधरा पौंड ताण सोसणारी वेणीची दोरी आणि पुढं तीन फूट पंचवीस पौंड सोसणारी तंगूस. तीन इंची मासळी पुरते. पाणी नितळ असेल तर मळकट चंदेरी किंवा हिरवट, गढूळ असेल तर काळी नाहीतर भडक पोपटी. जिगहेड साडेतीन, पाच आणि सात ग्रॅमचे. दहाचा फक्त पाणी सोडलेलं असेल तेव्हा. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, सोडताना मासा फाटत नाही आणि बोटात घुसला तर डॉक्टर गाठावा लागत नाही. रबरी मासळी तिच्या मूळ पिशवीतच ठेवा. दुसऱ्या रंगाच्या किंवा कडक प्लास्टिकच्या ल्यूरबरोबर एका डब्यात टाकली की उन्हात एकमेकांत वितळून चिकटतात. वाकडी झालेली शेपटी गरम पाण्यात धरली की सरळ होते. फाटलेले तुकडे खिशात घालून घरी आणा. माशाच्या पोटात गेलेलं रबर पचत नाही.

जायच्या आधी दोन चौकश्या करा. नदीच्या त्या पट्ट्यात मासेमारीचा हक्क कोणत्या मच्छीमार संस्थेकडं आहे ते काठावरच्या लोकांना विचारा आणि त्यांची परवानगी घ्या. त्यांचं पोट त्यावर आहे, आपला रविवार. आणि पाणी सोडलंय का, बरगे काढलेत का ते विचारा. एका रात्रीत पातळी बदलते, धारेची कड सरकते आणि कालची जागा आज कोरडी पडलेली असते.

आणखी एक विचारायचं असतं ते पाण्याच्या रंगाचं आणि वासाचं. २०२३ च्या मार्चमध्ये अंकलीजवळ हजारो मासे मरून काठाला लागले होते. उन्हाळ्यात पाणी कमी आणि घाण तेवढीच, मग पाण्यातला प्राणवायू संपतो. मोठे मासे काठाला येऊन तोंड वर करताना दिसले तर त्या दिवशी गळ टाकू नका. फोटो काढा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. तेवढं आपल्याच्यानं होतं. मी दोनदा कळवलंय आणि पुन्हा कळवीन.

साडेदहाला घाटाला लागलो. मामांनी पाच तासांचे ६०० रुपये घेतले. लाइफ जॅकेट काढताना त्यांनी ते खांद्यावर तोलून बघितलं आणि विचारलं, "हे किती दिवस टिकतंय?" ते त्यांच्याकडंच ठेवून आलो. पुढच्या रविवारचं ठरलं आहे. त्यांच्या पोराला मोजायला शिकवायचं आहे.