तारेचे इंटरनेट की बिनतारी: नेरूळमधील माझा अनुभव

नेरूळमधील आमची सिडकोची इमारत जुनी आणि चार मजली असून तिच्यात केबलसाठी वेगळी डक्ट नाही. गच्चीवरून लोंबणाऱ्या वायरींना सोसायटी इतकी कंटाळली होती की, नव्या फायबर जोडणीस सचिवांनी नकारच दिला. म्हणून मी ५जीवर चालणारी बिनतारी जोडणी घेतली. बसवायला आलेल्या मुलाने प्रत्येक खिडकीशी मोबाइल धरून सिग्नल पाहिला आणि, ‘काका, इथून टॉवर थेट समोर आहे,’ असे म्हणत स्वयंपाकघराच्या ग्रिलबाहेर अँटेना लावला. तासाभरात काम झाले.

दिवसा तक्रारीला जागा नव्हती. रात्री नऊनंतर, म्हणजे नेमक्या माझ्या परदेशी ग्राहकांच्या बैठकांच्या वेळी, आवाज तुटू लागला. प्रथम घरातल्या वाय-फायवर संशय आला. परंतु राउटरपासून लॅपटॉपपर्यंत कॅट-६ केबल टाकूनही फरक पडला नाही. वेगचाचणीचे आकडे चांगलेच येत होते, मात्र दुपारी ३० मिलिसेकंद असणारा पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, रात्री कधी ४०, तर कधी ३०० दाखवत होता. वेगाच्या जाहिरातींत या चढउताराचा उल्लेख नसतो. फायबरही वाटूनच मिळते: घरोघरी फायबर पोहोचवण्याच्या ‘जीपॉन’ या पद्धतीत एका काचेच्या तंतूवरील सुमारे २.५ गिगाबिटचा प्रवाह बहुधा ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो. पण तेथील वाटेकरी मोजके असतात. टॉवरवर मात्र रस्त्याने जाणारा प्रत्येक मोबाइलही वाटेकरी होऊ शकतो.

अखेर जिन्याच्या कडेने केसिंग पट्टीतून वायर नेण्याचे लेखी दिल्यावर सोसायटीने परवानगी दिली. तंत्रज्ञाने तंतू जोडून मीटर लावला, तेव्हा प्रकाशाची पातळी उणे २० डीबीएम (प्रकाशाची शक्ती मोजण्याचे एकक) होती. ती उणे २७ च्या खाली, म्हणजे प्रकाश आणखी क्षीण झाल्यास जोडणी डळमळते, असे त्याने सांगितले. मोडेमसाठी छोटा यूपीएसही घेतला, त्यामुळे वीज गेली तरी बैठक थांबत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत मात्र मोडेमवर लाल दिवा लागला. कंपनीला फोन करण्यापूर्वी वायर चाचपली, तर ती कपाटामागे काटकोनात दुमडलेली होती. कपाट चार बोटे पुढे ओढताच दिवा हिरवा झाला. ते अजून तसेच, भिंतीपासून सुटलेले उभे आहे.