चिऱ्याच्या भिंतीत स्पीकर बसवताना

मालवणजवळच्या आमच्या जुन्या घराची दुरुस्ती काढली, तेव्हा आतलं प्लास्टर नव्याने होणारच होतं. म्हटलं, त्याच्या आधी खोल्याखोल्यांतून स्पीकरच्या वायरी टाकून घेऊ. पुण्याच्या भावाने वायफायचे स्पीकर सुचवले होते. पण जांभ्या दगडाच्या जाड चिऱ्याच्या भिंतीपलीकडे आमचं वायफाय जेमतेम पोचतं, आणि प्रत्येक स्पीकरला जवळ प्लग लागतो तो वेगळाच. आजीचा प्रश्न एवढाच : "ह्यां घर आता बोलतलां काय?"

वायरमन काका लाइटच्या कामात पक्के. त्यांचं म्हणणं, लाइटचा पाइप आहेच, त्यातूनच ओढू आणि एका स्पीकरवरून पुढच्याला जोड देत जाऊ. दोन्हींना मी नाही म्हटलं. २३० व्होल्टच्या वायरीसोबत स्पीकरची वायर एका पाइपात घालायची नसते. मध्ये फूटभर अंतर ठेवायचं आणि ओलांडावंच लागलं तर काटकोनात. शिवाय ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप. ८ ओहमचे दोन स्पीकर असे समांतर जोडले की ॲम्प्लिफायरला ४ ओहम दिसतात, चार जोडले की २. तिथे घरगुती ॲम्प्लिफायर तापतो आणि बंद पडतो. म्हणून प्रत्येक स्पीकरची वायर स्वतंत्र, थेट माजघरातल्या ॲम्प्लिफायरच्या कपाटापर्यंत. "वायर दुप्पट लागतली हां," काका म्हणाले. लागलीच.

खरा घाम काढला तो झिऱ्या मारण्याने, म्हणजे पाइपासाठी भिंतीत खाचा पाडण्याने. जांभा खाणीत मऊ असतो, हवा लागली की घट्ट होत जातो. आमचे चिरे तर आजोबांच्या वेळचे. कटर लावला की तांबडी धूळ पार देवघरापर्यंत. मध्येच पोकळी लागली की चिऱ्याचा टवका निघून यायचा, मग तिथे आधी सिमेंट भरायचं. पाइप २५ मिमीचा घेतला, वळणावर एल्बो न लावता मोठा बाक दिला आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवली, पुढेमागे वायर बदलायला. पाइपांची तोंडं लगेच बंद केली. कुंभारणीला असलं भोक दिसलं की ती मातीचं घर बांधूनच मोकळी होते.

वायरीत फसवणूक फार. तांब्याची म्हणून दिलेली वायर ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. खाऱ्या दमट हवेत तिची टोकं लवकर खराब होतात. ती परत केली आणि २.५ चौरस मिमीची शुद्ध तांब्याची घेतली. २० मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा रोध ०.३ ओहमच्या आसपास राहतो, ८ ओहमच्या स्पीकरला तेवढा चालतो.

स्पीकरही आवाज ऐकून नव्हे, हवा बघून निवडले. स्पीकरचा कोन, म्हणजे आवाज काढणारा हलता पडदा, कागदी असला तर त्याला इथे बुरशी धरते, फोमची कड भुसभुशीत होते. त्यामुळे पॉलिप्रॉपिलीनचा कोन, रबराची कड, ॲल्युमिनियमची जाळी आणि स्टेनलेसचे स्क्रू. जिप्समचं छत मी घातलंच नाही. माळ्याच्या फणसाच्या फळ्यांतच ६.५ इंची स्पीकरची भोकं पाडली. वर माळा उघडा आणि तिथे उंदरांचं राज्य, म्हणून प्रत्येकावर प्लायचा खोका ठोकला. त्याने बेसही, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, आवळून आला.

जाळ्या लावायच्या आधी एक चाचणी मात्र कोणी चुकवू नये. कपाटातल्या टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा, प्लसला प्लस. कोन बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. एका खोलीतल्या जोडीत एकच उलटा असला तर बेस पातळ होतो आणि दोष कुठे ते कळत नाही. काका स्टुलावर उभे राहून "भायर... भायर... भितुर!" असं ओरडत होते. स्वयंपाकघरातला एक उलटा निघाला.

मिरगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की ॲम्प्लिफायरचा प्लग काढून ठेवायचा, हे घरात सगळ्यांना बजावलंय. अर्थिंगही त्याच कामात नवीन करून घेतलं. पडवीतले दोन स्पीकर अजून लावलेले नाहीत. पावसाचे शिंतोडे तिथवर येतात, त्यामुळे तिथे बाहेर चालणारेच हवेत. वायरींची टोकं डब्यात गुंडाळून ठेवली आहेत. चतुर्थीच्या आधी लावायचा विचार आहे.