चष्मा, कवळी आणि कानातलं मशीन

आईला रुग्णालयात नेत होते तेव्हा मी मुलुंडहून टॅक्सीत होते आणि फोनवर वहिनीला सांगत होते, "बांगड्या, चष्मा, कवळी, कानातलं मशीन, सगळं काढून कपाटात ठेव. तिथे काही हरवलं तर कुणाला विचारणार?" वहिनीने तसंच केलं. पुढचे नऊ दिवस आठवले की मला अजून आधी ते वाक्य आठवतं.

आई ७९ वर्षांची. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दादा-वहिनीकडे राहते. जुलैतली पहाट, गॅलरी पावसाने ओली, संडास गॅलरीच्या टोकाला. परत येताना पाय सरकला. वहिनी धावली तेव्हा आईचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता आणि आखूड दिसत होता. १०८ची रुग्णवाहिका आली, पण जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेना. मंडळाच्या पाच पोरांनी तिला स्ट्रेचरसकट डोक्याच्या उंचीवर उचलून धरलं आणि एकेक पायरी उतरवलं. त्या पोरांना आईने लहानपणी गॅलरीत पळताना रागावलेलं आहे.

खुब्याचं हाड सांध्याच्या गोळ्याखाली, हाडाच्या मानेपाशी मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी कमरेत भूल देऊन ऑपरेशन झालं, सांध्याचा गोळा काढून धातूचा बसवला. डॉक्टर म्हणाले, "छान झालं, उद्या बसवू." आम्ही चहा प्यायलो, गावी फोन केले. हाड जोडलं म्हणजे संपलं, असंच आम्हाला वाटत होतं.

त्या रात्री नातेवाइकांना वॉर्डात थांबू दिलं नाही. सकाळी सातला मी आत गेले तर आईचे दोन्ही हात गॉजच्या पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेले. मनगटं लाल झालेली. सिस्टर म्हणाल्या, रात्रभर ओरडत होत्या, सलाईन उपटली, लघवीची नळी ओढली, आम्ही दोघी आणि पेशंट तीस, काय करणार? त्यांची अडचण मला कळत होती. तरी आईचे हात तसे पाहून माझ्या पायातलं बळ गेलं.

मी पट्टी सोडली. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाकऱ्या झाल्या का? दुसऱ्या पाळीची माणसं येतील आता." १९८२च्या संपापर्यंत आई खानावळ चालवायची. गावाकडून आलेले, एकटे राहणारे गिरणीतले पंचवीस-तीस जण जेवायला असायचे. संप लांबला, माणसं गावी गेली, खानावळ बंद झाली. त्या खानावळीत ती आज पहाटे उभी होती आणि मला तिथली कुणीतरी बाई समजत होती. मग एकदम रडायला लागली, "माका घराक जावचा आसा." मुंबईत इतकी वर्षं काढल्यावर ती आमच्याशी मालवणी बोलायचीच नाही.

दादा बाहेर येऊन भिंतीला टेकला आणि म्हणाला, "गेली आपली आई. हिला वेड लागलं." शेजारच्या पलंगाजवळच्या बाईंनी समजूत घातली की वय झालं की होतं असं, सवय करून घ्या. मीही मनात डिमेन्शिया हा शब्द उच्चारला होता.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ती गप्प झाली. रात्री एक इंजेक्शन दिलं होतं. डोळे अर्धवट मिटलेले, हाक मारली की फक्त पापणी हलायची, घास तोंडात धरून ठेवायची. वॉर्डात सगळ्यांना बरं वाटलं, "शांत झाल्या आजी." मलाच काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. ही बाई आयुष्यात कधी गप्प बसलेली नाही. मी हट्ट धरला की हाडाच्या डॉक्टरांबरोबर फिजिशियननेही बघावं. कुणी वाईट वाटून घेईल म्हणून मी अर्धा दिवस थांबले होते. ते थांबायला नको होतं.

संध्याकाळी आलेल्या डॉक्टर बाईंनी आईच्या कानाशी वाकून विचारलं, "आजी, वार उलटे सांगा बघू. रविवार, शनिवार..." आई दोन वारांवर अडली आणि पडद्याकडे बघत राहिली. मग त्यांनी आम्हाला विचारलं, पडण्याच्या आदल्या दिवशी कशा होत्या? वहिनी म्हणाली, "दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब तोंडी केला होता. त्याचे चाळीस रुपये जास्त लागले होते, ते कापून दिले." डॉक्टर म्हणाल्या, मग हा डिमेन्शिया नव्हे, हा डिलिरियम. डिमेन्शिया महिने-वर्षं घेत हळूहळू येतो. हा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, दिवसातून चार वेळा कमीजास्त होतो, संध्याकाळनंतर वाढतो, आणि यात माणसाचं लक्षच टिकत नाही. म्हाताऱ्या माणसांत खुब्याच्या ऑपरेशननंतर तो बऱ्याचदा दिसतो. आरडाओरडा करणारा लगेच कळतो. गप्प करून टाकणारा सुटून जातो, आणि तो जास्त वाईट. "मेंदू बिघडलेला नाही, शरीरात काहीतरी बिघडलंय ते मेंदू सांगतोय. ते शोधू," त्या म्हणाल्या. दादा त्यांच्यासमोरच रडला.

शोधल्यावर एक नाही, बरंच सापडलं. रक्तातलं सोडियम १२४ होतं. ते १३५ ते १४५च्या मध्ये असायला हवं. ते घाईने वाढवून चालत नाही, म्हणून दर काही तासांनी रक्त तपासत हळूहळू वर आणलं. लघवीत जंतुसंसर्ग होता, त्याची औषधं सुरू झाली आणि नळी काढून टाकली. पाच दिवस पोट साफ झालं नव्हतं, आणि हे कुणी विचारलंही नव्हतं. दुखणं ती सांगू शकत नव्हती म्हणून वेदनेची गोळी "मागितली तर" देत होते, ती ठरलेल्या वेळी सुरू केली. आणि मग त्यांनी विचारलं, घरी कुठल्या गोळ्या घेतात? आम्ही बीपीची सांगितली, थायरॉइडची सांगितली. वहिनीला रात्री घरी गेल्यावर आठवलं: झोपेची अर्धी गोळी. अकरा वर्षं रोज रात्री. ती इतकी सवयीची झाली होती की औषधांत आम्ही धरतच नव्हतो. अशी गोळी एका रात्रीत बंद झाली तर त्यानेही माणूस असा भ्रमतो. ती थोड्या प्रमाणात पुन्हा सुरू करून, पुढे महिन्यांत हळूहळू कमी करायचं ठरलं. तेव्हापासून गोळ्यांची यादी दादाच्या, वहिनीच्या आणि माझ्या, तिघांच्या मोबाइलमध्ये आहे. आयुर्वेदिक चूर्णही त्यात लिहिलंय.

जाता जाता डॉक्टर बाईंनी विचारलं, "यांना चष्मा आहे का? ऐकू कसं येतं?"

तेव्हा मला कपाट आठवलं.

चार दिवस आईला समोरचा चेहरा धूसर दिसत होता, माणसं नुसती ओठ हलवत होती, आणि दात नसल्यामुळे तिचं बोलणं आम्हाला नीट कळत नव्हतं. त्यात अनोळखी हात येऊन सुया टोचत होते. तिच्या जागी मीही नळ्या उपटल्या असत्या. दादा तडक घरी गेला. मशीनची बॅटरी उतरली होती, ती लालबागच्या मेडिकलमध्ये मिळेना, मग परळच्या दुकानातून आणली. तिचं स्टिकर काढून दोन मिनिटं तशीच ठेवायची आणि मग बसवायची, हे वहिनीला माहीत होतं. मशीन कानात बसल्यावर आईने मान वळवली. फक्त मान वळवली, बाकी काही नाही. पण त्या दिवसातलं ते पहिलं वळणं होतं.

पुढचं काम औषधाचं कमी आणि बसून राहण्याचं जास्त होतं. आम्ही अर्ज करून रात्रीचा पास मिळवला. पलंग खिडकीकडे सरकवून घेतला, दिवसा पडदा उघडा, रात्री डोळ्यावर येणारा दिवा बंद. घरचं मोठं घड्याळ आणि कालनिर्णय समोर टांगलं. दर वेळी आधी नाव सांगायचं, "आई, मी आलेय, आज गुरुवार, आपण रुग्णालयात आहोत, पायाचं ऑपरेशन झालंय." ती खानावळीत गेली की वाद घालायचा नाही. पहिल्यांदा मी घालत होते, "अगं, बाबा जाऊन वीस वर्षं झाली," आणि ती नव्याने रडायची. मग मी शिकले. "आज काय केलंयस जेवायला?" असं विचारलं की ती सांगायची, बांगड्याचं तिखलं, आणि सांगता सांगता निवळायची. फिजिओथेरपिस्ट रोज तिला वॉकर धरून उभं करायचे. उभं राहणं पायासाठी असतं असं मला वाटायचं. ती उभी राहिली त्या दुपारी जास्त शुद्धीत असायची.

नवव्या दिवशी डिस्चार्ज. माझ्याकडे लिफ्ट आहे, पाश्चात्त्य पद्धतीचा संडास आहे, म्हणून मुलुंड की लालबाग यावर रात्रभर बोललो. डॉक्टर म्हणाल्या, भ्रम पूर्ण जायला काही आठवडेही लागतात, ओळखीची जागा बरी. शेवटी आईलाच विचारलं. "गॅलरी," ती म्हणाली. पोरांनी पुन्हा वर नेलं. केईएम रुग्णालयाच्या आसपासच्या दुकानातून कमोडची खुर्ची भाड्याने आणली. उकिडवं बसायला मनाई होती. रुग्णाची देखभाल करणाऱ्या बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून बारा तासांसाठी मावशी ठेवल्या, दिवसाचे ८५० रुपये. ब्युरो दर आठवड्याला बाई बदलायला लागला तेव्हा मात्र आम्ही भांडलो. रोज नवा चेहरा बघितला की आई संध्याकाळी पुन्हा भरकटायची.

रात्र वहिनीची असायची. तिच्याबद्दल मला वेगळं सांगायचंय, कारण डिस्चार्जच्या कागदावर तिचं नाव कुठेच नव्हतं. एका रात्री अडीच वाजता आईने तिला घराबाहेर जा म्हणून सांगितलं, चोर म्हणाली. वहिनी जिन्यात जाऊन बसली आणि तिने १४४१६ला फोन लावला, सरकारची टेलि-मानस सेवा, चोवीस तास चालते. पलीकडच्या मुलीने मराठीत वीस मिनिटं नुसतं ऐकून घेतलं. वहिनीने हे मला पंधरा दिवसांनी सांगितलं. त्यानंतर शुक्रवार ते रविवार रात्री मी लालबागला राहायला लागले आणि वहिनी तिच्या बहिणीकडे विरारला जाऊन झोपून यायला लागली. हे पहिल्या आठवड्यातच व्हायला हवं होतं.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टर बाईंनी वार उलटे विचारले. आई म्हणाली, "वार काय विचारतेस, महिने विचार," आणि फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष करत न अडखळता चैत्रापर्यंत आली.

त्या संध्याकाळी गॅलरीत खुर्चीवर बसली असताना तिने एकदम विचारलं, "माझे हात बांधले होते ना गो?" ती ते विसरली असेल अशी आमची आशा होती. मी म्हटलं, "हो आई. एक रात्र. मी नव्हते तेव्हा."

तिने मनगटं उलटसुलट करून पाहिली.

"नंतर तू होतीस ना?"

"होते."

"मग झालं," ती म्हणाली, आणि कानाला हात लावून पुढे म्हणाली, "ही बॅटरी बघ जरा, आवाज बारीक येतोय."