माझा अनुभव: सोसायटीच्या चौकात बॅडमिंटनचं कोर्ट आखताना

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत दोन विंगच्या मध्ये सिमेंटचा मोकळा चौक आहे. तिथे कोर्ट आखायचं काम माझ्याकडे आलं ते पाऊस उघडल्यावर. सिमेंट आतून ओलं असलं की रंग पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात आठवडाभर वाळू दिलं. लांबी उत्तर-दक्षिण ठेवली. पूर्व-पश्चिम ठेवली असती तर सकाळी एका बाजूच्या आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूच्या डोळ्यांत ऊन.

कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद. हे माप रेषांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं. रेषा ४ सेंटिमीटर जाड आणि ती कोर्टाचाच भाग, त्यामुळे फूल (शटल) रेषेला शिवलं तरी ‘इन’. हे एकदा डोक्यात बसलं की खेळातली अर्धी भांडणं मिटतात.

गवंड्याचा गुण्या लावून काटकोन काढायचा मोह होतो. तो टाळा. गुण्या दीड-दोन फुटांचा, त्यातली केसभर चूक तेरा मीटरवर चांगली वीतभर होते. आमचे दोन कर्ण पहिल्यांदा मोजले तर ९ सेंटिमीटरचा फरक निघाला. मग सगळं पुसलं आणि दोन टेप घेऊन बसलो. एक लांब बाजू १३.४० वर दोरी ताणून पक्की केली. तिच्या एका टोकापासून ६.१० आणि दुसऱ्या टोकापासून १४.७२ (हा कर्ण) धरून दोन्ही टेप जिथे भेटल्या, तो तिसरा कोपरा. चौथाही तसाच. टेप जमिनीला टेकलेली हवी; अधांतरी झोळ पडला की माप खोटं येतं.

आतल्या रेषांत माझी चूक झाली ती शॉर्ट सर्व्हिस लाइनला, म्हणजे जाळीजवळच्या आडव्या रेषेला. १.९८ मीटर जाळीपासून मोजायचे ते रेषेच्या जाळीकडच्या कडेपर्यंत. मी पलीकडच्या कडेपर्यंत मोजले आणि रेषा ४ सेंटिमीटर जाळीकडे सरकली. दुहेरीची लाँग सर्व्हिस लाइन मागच्या रेषेपासून ७६ सेंटिमीटर आत, एकेरीची बाजूची रेषा दुहेरीच्या रेषेपासून ४६ सेंटिमीटर आत. ही दोन्ही मापं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. मधली रेषा शॉर्ट सर्व्हिस लाइनपासून मागे जाते. जाळीपर्यंत ओढायची नाही.

सगळ्या रेषा मिळून जवळजवळ १०० मीटर होतात, म्हणजे रंगायची जागा जेमतेम ४ चौरस मीटर. रोड मार्किंगचा पांढरा रंग एक लिटर दोन हातांना पुरला. खर्च होतो तो मास्किंग टेपचा: दोन्ही कडांना धरून २०० मीटर, म्हणजे वीस मीटरचे दहा रोल. दुसरा हात थोडा ओला असतानाच टेप सोडवा, वाळल्यावर ओढली की कडा फाटते.

खांब दुहेरीच्या बाजूच्या रेषेवर, एकेरी खेळतानाही तिथेच. जाळी खांबांपाशी १.५५ मीटर, मध्यावर १.५२४. आमच्या चौकाला पाणी जायला उतार आहे, त्यामुळे उंची प्रत्येक ठिकाणी तिथल्याच जमिनीपासून मोजावी लागली. नेमक्या उंचीची एक बांबूची काठी कापून ठेवली आहे, ती मध्ये उभी केली की जाळी सैल पडली का ते कळतं. खांबावर १.१५ मीटरला लाल चिकटपट्टी लावली: सर्व्हिस करताना फटक्याच्या क्षणी अख्खं फूल त्या उंचीच्या खाली हवं. फूल कंबरेखाली हवं हा जुना नियम अजून पुष्कळांच्या तोंडी आहे, पण मग उंच माणसाला मोकळं रान.

आता खेळ. सर्व्हिसचा चौक, म्हणजे सर्व्हिस जिथे पडायला हवी तो चौकोन, एकेरीत अरुंद आणि लांब, थेट मागच्या रेषेपर्यंत; दुहेरीत रुंद आणि आखूड, लाँग सर्व्हिस लाइनपर्यंतच. सर्व्हिस परत आली की पूर्ण कोर्ट मोकळं. सर्व्हिसचं फूल जाळीला शिवून समोरच्या योग्य चौकात पडलं तर ती चालते, ‘लेट’ (म्हणजे पुन्हा सर्व्हिस) नाही.

गोंधळ होतो तो दुहेरीत जागांचा. समजा एका बाजूला काका-पुतण्या, दुसऱ्या बाजूला दोघी बहिणी. शून्य सम, म्हणून काका उजवीकडून सर्व्हिस करतात. गुण मिळाला, १-०: काका डावीकडे आले, पुतण्या उजवीकडे, सर्व्हिस काकांचीच. बहिणी जागच्या हलत नाहीत. पुढची रॅली (एका गुणासाठीची टोलवाटोलवी) बहिणींनी जिंकली, १-१. त्यांचा गुण विषम, म्हणून त्यांच्यातली जी डावीकडे उभी आहे ती सर्व्हिस करणार, आणि तरीही कुणी जागा बदलायची नाही. ती जिंकली, २-१, तर बहिणी आपसात जागा बदलतात. मग काका-पुतण्यांनी रॅली घेतली, २-२: सम, उजवीकडे पुतण्या, सर्व्हिस त्याची. जागा बदलतो फक्त सर्व्हिस करून गुण मिळवणारा संघ. चूक मागाहून लक्षात आली तर जागा दुरुस्त करायच्या, झालेले गुण तसेच राहतात.

गेम २१ गुणांचा, तीनपैकी दोन जिंकायचे. २०-२० झाले तर दोन गुणांची आघाडी हवी, पण २९-२९ला पुढचा गुण निर्णायक. तिसऱ्या गेममध्ये ११ला बाजू बदलायची. बंद हॉलमध्ये लोक याचा कंटाळा करतात, आमच्याकडे मात्र दुपारनंतर वारा सुटला की हाच नियम आधी आठवतो. पिसांचं फूल अशा हवेत वाया जातं. आम्ही नायलॉनचं वापरतो, निळ्या पट्टीचं, आणि मे महिन्याच्या उकाड्यात त्याहून संथ, हिरव्या पट्टीचं, कारण गरम हवेत फूल लांब जातं.