भिरंडेल

दुपारी साडेतीनच्या सुमाराला आमच्या हॉलमध्ये उन्हाची एक तिरीप येते. टीव्हीखालच्या धुळीची चहाडी करते आणि 20 मिनिटांत निघून जाते. परवा नेमकी त्याच वेळी मी गिटार मांडीवर घेऊन एफ कॉर्डशी भांडत बसले होते. त्यात पहिल्या बोटाने सहाही तारा दाबायच्या असतात. माझ्याने 5 दबतात, सहावी फुरंगटून बसते. तेवढ्यात ऊन गिटारच्या वरच्या फळीवर तिरकं पडलं आणि एरवी न दिसणारे सगळे तडे एकदम उजळले. ब्रिजपासून थेट कडेपर्यंत बारीक, केसासारखी जाळी.

मी अर्थातच नख फिरवलं.

ही माझी जुनी खोड. कुठे तडा दिसला की बोट आपोआप तिकडे जातं. गावच्या घरी लोणच्याची एक चिनी मातीची बरणी होती. तिच्या झिलईला अशीच जाळी पडलेली आणि त्या जाळीत वर्षानुवर्षांचं हळदीचं तेल झिरपून पिवळ्या रेघांचा नकाशाच झाला होता. मी त्या रेघा नखाने गिरवत बसायचे. नख कुठेच अडकायचं नाही, तरीही गिरवायचे. भिंतीचे पोपडे, कपाची चीर, कशाचंच वावडं नाही.

गिटारवरच्या या तड्यांत मात्र माझा हात आहे. शब्दशः नाही, पण आहे.

माझा धाकटा भाऊ मिनियापोलिसला असतो. एका जानेवारीत त्याने ही जुनी, 1970च्या सुमाराची गिटार कुणाकडून तरी विकत घेतली आणि रात्रभर गाडीच्या डिकीतच ठेवली. बाहेर उणे 20. सकाळी पेटी घरात आणली आणि मला व्हिडिओ कॉल लावला. विकणाऱ्याने बजावलं होतं, पेटी संध्याकाळपर्यंत उघडू नका, आतल्या आत हळूहळू गरम होऊ द्या. त्याने ते मला सांगितलं. मी म्हटलं, "अरे, उघड की! एवढं काय, दोन मिनिटं बघू दे." ताईचं ऐकायची सवय लहानपणापासूनची. त्याने खटके उघडले, झाकण वर केलं. छान मधासारखा रंग होता. मी "अय्या" म्हणतेय तोवर फोनमधून आवाज आला. टिक्. मग पुन्हा, टिक् टिक्. उकळता चहा ओतल्यावर गार काचेचा पेला करतो ना, अगदी तसा. भाऊ काही बोलला नाही. फोन मात्र हळूच खाली गेला आणि मला बराच वेळ त्याचं छत दिसत राहिलं.

दोन वर्षांनी तो सुट्टीवर आला तेव्हा गिटार माझ्याकडे ठेवून गेला. "तुला शिकायची होती ना," म्हणाला. नवी कोरी असती तर ठेवली असती का, हे मी विचारलं नाही.

तेव्हापासून या विषयातलं मला नको इतकं कळायला लागलंय. या गिटारवर पॉलिश असतं ते नायट्रोसेल्युलोज लॅकरचं. 1920च्या दशकात अमेरिकेत ते मोटारी रंगवायला वापरायला लागले आणि गिटारवाल्यांनीही उचललं. सिनेमाची जुनी रिळं, पिंगपाँगचे जुने चेंडू, सगळे याच गोतावळ्यातले. झटकन सुकतं, पातळ बसतं, लाकडाचा आवाज दाबत नाही म्हणतात. पण त्याचं सुकणं काही संपत नाही. वर्षानुवर्षं ते आतल्या आत कडक होत जातं, आमच्या एका काकांसारखं. लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आखडतं. याला ते झेपत नाही. मग अचानक थंडी-उष्णतेचा झटका बसला की टिक्.

इथे एक गिटार दुरुस्त करणारा मुलगा आहे. मला काकू म्हणतो, चालवून घेते. त्याने मोबाइलचा टॉर्च फळीला जवळजवळ चिकटवून आडवा धरला, मग भोकातून दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आत घालून फळी खालून पाहिली. "लाकूड ठणठणीत आहे काकू. लाकूड फाटलं की रेषेरेषेने उभं फाटतं. हे बघा, हे रेषांना आडवे गेलेत. फक्त पॉलिश फाटलंय." मी विचारलं, बुजवता येतील? म्हणाला, येतील. लॅकरचे थेंब सोडायचे, सुकू द्यायचं, घासायचं, चकाकी आणायची. तरी रेघ कुठेतरी दिसणारच. सगळं खरवडून नवं फिनिश मारलं तर दिसणार नाही, पण जुन्या गिटारची किंमत जाते. "मी तर हातसुद्धा लावणार नाही."

मग त्याने फळीवरून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काकू, यावर काही मारलंत का?"

मारलं होतं. फर्निचर चमकवायचा स्प्रे. त्यात सिलिकॉन असतं, ते तड्यांत शिरून बसतं आणि पुढे कधी लॅकर लावायचं म्हटलं तर ते तिथे धरतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. खरं तर त्याआधी मी खोबरेलाचाही विचार केला होता. आणि त्याहीआधी भिरंडेलाचा. हे त्याला सांगितलं नाही.

भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. तेल म्हणायचं, पण थंडीत त्याचा साबणासारखा फिकट गोळा असतो. मालवणजवळच्या आमच्या घरी तो फडताळात कागदात गुंडाळलेला असायचा. आजीच्या टाचांना भेगा होत्या. भेगा कसल्या, घळी. आख्खा पावसाळा अनवाणी लावणीच्या चिखलात, मग खळ्यात, मग विहिरीवर. भेगांच्या कडा पांढऱ्या आणि तळ काळा, कितीही घासलं तरी न निघणारा. रात्री ती गोधडीत पाय ओढून घ्यायची तेव्हा टाच कापडात अडकून खर्र असा आवाज यायचा. अंधारात त्या आवाजावरून मला कळायचं, आजी कूस बदलतेय.

थंडीत निजायच्या आधी ती गोळ्याचा चुरा पळीत घ्यायची आणि चुलीतल्या निखाऱ्यावर पळी धरायची. बघता बघता पांढऱ्याचं पाणी व्हायचं. मग पाय माझ्या मांडीवर. कापसाची वात बुडवून एकेक भेग भरायचं काम माझं. त्याआधी मात्र मी भेगेच्या कडेवरून नख फिरवून घ्यायचे. "हळू गो, जीव जातलो माजो," असं ती म्हणायची, पण पाय मागे घ्यायची नाही. सकाळी पुन्हा त्याच टाचा घेऊन चिखलात.

हल्ली तडे विकतही मिळतात. फेंडरने 1995 पासून मुद्दाम झिजवलेल्या नव्या गिटारी बाजारात आणल्या. गिब्सनच्या काही नव्या गिटारींवरही कारागीर मुद्दाम तड्यांची जाळी पाडून देतात. साध्या नव्या गिटारीपेक्षा त्या महाग. आजीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "टाचो फोडून इकतत?"

एप्रिलमध्ये पुण्याची दुपार पापड वाळवायच्या लायकीची असते आणि गिटारला हवेत 45 ते 55 टक्के दमटपणा लागतो. म्हणून त्या मुलाच्या सांगण्यावरून प्लास्टिकच्या साबणदाणीला भोकं पाडून, आत ओला करून पिळलेला स्पंज घालून मी ती गिटारच्या पेटीत ठेवते. तड्यांना काही करत नाही. ऊन आलं की नख तेवढं फिरवते.

आजी शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा डिसेंबर होता. मी पुण्याहून गेले. फडताळातला गोळा काढला, पळीत तापवला, वात वळली आणि तिच्या पायांवरचं पांघरूण बाजूला केलं. टाचा गुळगुळीत होत्या. गुलाबीसर, तान्ह्या मुलाच्या असतात तशा. आठ महिन्यांत पाय जमिनीला लागला नव्हता. मी नख फिरवून पाहिलं. कुठेच अडकलं नाही. आजी "हळू गो" म्हणाली नाही. मी पाय मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले आणि पळीतलं भिरंडेल कडेकडेने पांढरं होत थिजत गेलं.